मखमलचे खूर

तो सारा उन्हाळा आमच्या घरात ठेचा कुटला नाही. खलबत्ता मी पेटीत रजईखाली दाबून ठेवला होता. धुणं धुवाची थापी कपाटावर फेकली होती. माह्या पोराच्या, कलीमच्या, मोबाइलचा आवाज बंद. गल्लीतली पोट्टी बॅट आपटाले लागली की मी दारातून अशी वरडत जावो की त्याइनं बॅट तेथंच टाकून पळावं. वणीत आमच्या मोहल्ल्यात मले अगोदरच सारे तिखट हजराबी म्हणतात. त्या उन्हाळ्यात तं माह्या तोंडाले काही धरबंदच राह्यला नाही.

अन् हे सारं कायच्यासाठी? एका घोडीसाठी.

मखमल तिचं नाव. पांढरीफेक, कपाळावर उलीसा करडा ठिपका. वरातीची घोडी होती ती. माहा नवरा अब्दुल गनी, मी त्याले बुढाच म्हणतो, तोंडावरबी, त्यानं तिले शिंगरू होती तेव्हापासून डालड्याच्या रिकाम्या डब्यावर बोटं वाजवू वाजवू शिकवलं. टक-टक-टकाटक झालं की पुढचा एक पाय वर, मंग दुसरा. ठेका थांबला की मान खाली अन् उजवा पाय मोडून सलाम. कोनताबी ठेका असो, बँडचा असो का माह्या खलबत्त्याचा, तिचे पाय उचललेच समजा. सलाम झाला की बुढा दर वेळी छातीवर हात ठेवून म्हणत जाये, "वालेकुम सलाम, बेटा." मी म्हणत जावो, "बह्याडा, जनावराच्या सलामाले कोनी जवाब देते काय?" तो म्हणे, "सलाम केला तं जवाब देणं फर्ज आहे, हजरा." पोटच्या पोराचा इतका लाड नाही केला या माणसानं. कलीमले तं कानाखालीच भेटत जाये.

लगीनसराई भरात होती. सकाळी एक वरात, संध्याकाळी दुसरी. अन् दर वरातीत एक रिवाज असतेच. नवरदेव घोडीवर बसला की त्याची बहीण घोडीले भिजवलेली चण्याची दाळ अन् गूळ खाऊ घालते. घोडी खुश तं पोराचा संसार खुश. एकच बहीण असली तं ठीक आहे, पण बहिणीमागं चुलत बहीण, मंग मामेबहीण, मंग वहिन्या, मंग शेजारच्या बायाबी पुण्य घ्याले पुढं. त्याइले आपुन कोन्या तोंडानं नाही म्हणाचं? बुढाबी म्हणे, "खाऊ दे वो. मेहनत करते बिचारी."

राजूरच्या वरातीत काय झालं, तं मखमल उभ्या जागी पाय उचलाले लागली. डावा, उजवा, डावा, उजवा. बँडवाले अजून सुरूबी झाले नव्हते. लोक म्हणे, वा रे घोडी! हिले तं बाजा वाजाच्या अगोदरच नाच सुटला. बँडमास्तरनं तिच्या पायाकडे पाहून ठेका धरला. कलीम लगाम धरून पुढं, छाती फुगवून. कोनी व्हिडिओ काढले, कोनी शिट्ट्या मारल्या. कलीमनं घरी येऊन मले व्हिडिओ दाखवला. मीबी म्हणलं, "माशाल्ला, कशी नाचून राह्यली पाहा माही पोरगी!"

दुसऱ्या दिवशी ती जागची हालेना. पुढचे दोन्ही पाय समोर ताणलेले, सारा भार मागच्या पायावर, अंगाले घाम. बुढ्यानं खुराले हात लावला अन् झटक्यानं मागं घेतला. तव्यावानी तापले होते.

बुढ्याच्या बापाची एक रीत होती. घोडं लंगडलं की लोखंड लाल करून पायाले डाग द्याचा. बुढ्यानं चूलबी पेटवली. तेवढ्यात कलीम जनावराच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीन बाईले घेऊन आला. अपेक्षा नाव तिचं, उमर तिशीच्या आतली. स्कूटीवरून उतरली अन् पह्यले चुलीतली ती सळई पाह्यली.

"काका, ते बाजूले ठेवा," ती म्हणे. "डागानं पाय बरा होत नाही. नवीन दुखणं इतकं मोठं होते की जनावर जुनं विसरते, एवढंच."

बुढ्यानं सळई मातीत खुपसली. आयुष्यात पह्यल्यांदा त्यानं कोनाचं ऐकलं असन.

डॉक्टरीन बाईनं मखमलचे पाय दाबून पाह्यले, कलीमच्या मोबाइलवर राजूरचा व्हिडिओ पाह्यला. मंग म्हणे, "काकू, ही नाचत नव्हती. खाली चटके बसतात तेव्हा माणूस कसा एक-एक पाय उचलते, तशी उचलत होती."

मले काय वाटलं ते कसं सांगू? ज्याले आम्ही माशाल्ला म्हणून राह्यलो होतो, ते तिचं रडणं होतं.

तिनं मंग समजावलं. दाळ अन् गूळ हद्दीच्या बाहेर पोटात गेला की तो आंबते, अन् त्याचा फटका खुराले बसते. खुराच्या आत हाड असते, त्याले बाहेरच्या नखानं धरून ठेवलेलं असते. ती धरच सुटाले लागते. कलीम म्हणे, "मॅडम, एखादी सुई मारा ना. वराती घेऊन ठेवल्या आहेत." ती त्याच्यावर अशी खेकसली की मले ती तेथंच आवडली. "सुईनं दुखणं दबेल, मंग ती चालेल. चालली तर आतलं हाड खाली सरकेल. हाड तळव्यातून बाहेर आलं की मग माझ्या हातात काही नाही. आत्ता दुखणंच तिले जागेवर धरून राह्यलं आहे, राहू द्या."

तं असं ते बिनदवाईचं औषध सुरू झालं. नाल काढले. खुराचं पुढचं टोक कानशीनं घासून कमी केलं. कलीम अन् त्याच्या दोस्ताइनं निर्गुडा नदीची रेती आणून गोठ्यात गुडघाभर टाकली, जशी गादी. ड्रम आडवा कापून त्यात बर्फाचं पानी, अन् त्यात मखमलचे पुढचे पाय. वणीचा मे महिना तुम्हाले माहीत असन. कोळशाची धूळ अन् वरून आग. बर्फ पाहता पाहता पानी होऊन जाये. मच्छीवाल्याच्या दुकानातून बर्फ आणू आणू कलीमचे खांदे सोलले. दाळ बंद, गूळ बंद, सरकीची ढेप बंद, हिरवा चाराबी बंद. नुसतं वाळलं गवत, तेबी पान्यात भिजवून, पानी फेकून, म्हणजे त्यातला गोडवा निघून जाईन. अन् सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे हालणं नाही. एक पाऊल नाही.

म्हूनच तो खलबत्ता पेटीत गेला. ठेका ऐकला की ती पाय उचलनच, हे आमच्या घरात सांगाची गरज नव्हती. बुढ्यानं तो डालड्याचा डब्बा स्वतःच्या हातानं भंगारवाल्याले देऊन टाकला. मी कांदा कापतानाबी सुरी हळू चालवत जावो. हासा नोका, खरं सांगून राह्यली.

बुढा तं गोठ्यातच राहाले गेला. पान्यात हात घालून तिचे खूर चोळत बसे. एक दिवस मी भाकर घेऊन गेली, तं मखमल रेतीत लोळलेली अन् तिचं मुंडकं बुढ्याच्या मांडीवर. इतक्या दिवसात ती पह्यल्यांदा निवांत झोपली होती. बुढ्याच्या डोळ्यातून पानी चालू. मले पाहून म्हणे, "श्श." माहा सारा जन्म याच्यासंगं वरडण्यात गेला, पण त्या दिवशी मी पायाचा आवाज न करता मागं सरली.

पुढच्या वेळी डॉक्टरीन बाईनं चिमट्यात खूर धरून दाबला, तं मखमलनं पाय ओढला नाही. खूर थंड होते. डॉक्टरीन बाई हासली. म्हणे, "काकू, चांगलं चाललं आहे. पण अजून घाई नाही. एक चूक झाली तर सारं पान्यात." मी म्हणलं, "चूक करणाऱ्याचे मीच पाय तोडीन, बाई."

अन् तेव्हाच नयनचं लगीन निघालं.

नयन म्हणजे मारोतरावचा पोरगा. मारोतरावचं घर गल्लीच्या तोंडाशी अन् घरामागं त्याइचं कापसाचं वावर. पिढ्यान्‌पिढ्याचा शेजार. नयन उलीसा होता तेव्हा बुढ्यानं त्याले मखमलच्या पाठीवर बसवून साऱ्या मोहल्ल्यातून फिरवलं होतं. तेव्हापासून ठरलं होतं की याची वरात मखमलवरच निघन. आता दुसरी घोडी सांगतली होती त्याइनं, पण बँड आमच्या दारावरूनच जाणार होता. दुसरा रस्ताच नाही.

मी गेली मारोतरावच्या घरी. म्हणलं, "मारोतभाऊ, माह्या दारापुढं बाजा बंद ठेवा. बाजा वाजला तं ती गोठ्यातच नाचन, अन् पाय जातीन."

मारोतराव म्हणे, "हजराबी, एकुलता एक पोरगा आहे माहा. त्याची वरात मुकी काढू काय?"

त्याची बायको भागीरथा चौकटीत उभी होती. ती म्हणे, "काढा. घोडीच्या जिवाहून बाजा मोठा आहे काय?" अन् माह्याकडे पाहून, "नुसतं वाळलं गवत खाऊन राह्यली म्हणते नं ती? अरेरे वो, बिचारी." मी तिचे हात धरले. तिच्यावानी शेजारीण सात मोहल्ल्यात नाही, असं मले वाटलं.

वरातीच्या दिवशी त्याइनं शब्द पाळला. गल्लीच्या तोंडाशी बँडमास्तरनं हात वर केला अन् सारे थांबले. ताशेवाल्याइनं काड्या बगलेत मारल्या. इतकी मोठी वरात, इतके नवे कपडे, अन् आवाज काय तं नुसता चपलाइचा. मी रस्त्याच्या मधात, ओठावर बोट ठेवून उभी, पोलिसासारखी. बुढा मखमलच्या कानात कापूस घालून दारात आलता, नयनच्या हातात हात द्याले. नयननं घोडीवरूनच वाकून त्याचे पाय धराचा हात केला. मले रडू आलं. हिंदू-मुसलमान म्हणून टीव्हीवर काय काय दाखवतात, अन् इथं एका लंगड्या घोडीसाठी वरात मुकी चालली होती. मी मनात म्हणलं, या अल्ला, या पोराले सुखी ठेव.

वरात पार झाली. दूर गेल्यावर बाजा पुन्हा सुरू झाला, पण इतका हळू की काही धोका नव्हता. मी खुशीत मागच्या अंगणात गेली, मखमलले पाहाले.

गोठ्यात बाया उभ्या होत्या. नव्या लुगड्यातल्या, गजरे माळलेल्या, भागीरथा मधात. तिच्या हातात पितळेची परात. परात रिकामी होती अन् मखमल परातीचं बूड चाटून राह्यली होती. तिच्या ओठाले दाळीचे पिवळे दाणे चिकटलेले.

"मागच्या दारानं आलो वो," भागीरथा हळूच म्हणे, मोठ्या मायेनं. "म्हणलं आवाज नाही करा लागत. नयन या घोडीवर बसला असता, तं हिचा हक्क होता नं? दुसऱ्या घोडीले दाळ दिली अन् हिले उपाशी ठेवली तं पोराले पाप लागन. साऱ्या जणीइनं ओंजळ ओंजळ दिली. किती दिवसाची भुकी होती माय! आता पाहा कशी उभी राहते ते."

मी साऱ्या मोहल्ल्याचा आवाज बंद केला होता. दाळीले आवाज नसते, हे माह्या ध्यानातच आलं नाही.

या माह्या तोंडात, साऱ्या वणीले ऐकू जाणाऱ्या तोंडात, एक शब्द आला नाही. मंग मी खाली बसली अन् छाती पिटली. "काय केलं वो भागीरथा! काय केलं वो तू हे!" तिले काही समजलंच नाही. ती परात छातीशी धरून उभी राह्यली.

डॉक्टरीन बाई धावत आली. पुन्हा बर्फ, पुन्हा पानी. कलीमनं साऱ्या वणीतला बर्फ आणला. पण दुसऱ्या दिवशी खूर पुन्हा पेटले. मंग खुराच्या वर, केस संपतात तेथं, खड्डा पडला. बोट बसन एवढा. मखमल दिवसदिवस पडून राहे, अन् उठली की अख्खी थरथरे. एक दिवस डॉक्टरीन बाईनं पाय उचलून तळवा पाह्यला अन् हळूच खाली ठेवला. ती रडत होती. म्हणे, "काका, हाड तळव्यातून बाहेर आलं. आता हिले ठेवणं म्हणजे छळणं आहे. मी सुई देतो, शांत जाईल."

बुढा रेतीत बोटं फिरवत राह्यला.

भागीरथा रोज येऊन आमच्या उंबरठ्यावर बसे. मी तिले पान्याचं विचारलं नाही. तिची चूक नव्हती, मले समजत होतं, अन् तरीबी मले तिचं तोंड पाहावं वाटत नव्हतं. असं आहे माहं मन, काय करता!

तिले गाडाले खड्डा मारोतरावनं आपल्या वावरात दिला, धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाले लागून. जेसीबीनं खोदून दिला. पण आमची गल्ली इतकी चिंचोळी की ट्रॅक्टर आत येत नाही. गोठ्यातच सुई दिली तं मंग पायाले साखळी बांधून, नालीच्या काठाकाठानं घसटत न्या लागन. कचरागाडीवाला तं म्हणे, तुकडे करून नेतो. बुढा त्याच्या अंगावर धावला. "घसटत? माह्या मखमलले घसटत?" मंग डॉक्टरीन बाईकडे पाहून, "बाई, ती आपल्या पायानं जाईन."

डॉक्टरीन बाईनं पाय बधिर कराची सुई दिली. म्हणे, "दुखणं कमी होईल, पूर्ण नाही जाणार." बुढ्यानं लगाम धरून चुचकारलं. मखमल हालली नाही. कलीमनं मागून हात लावला. हालली नाही. तिचा आपल्या पायावर भरोसाच राह्यला नव्हता. बुढा तिच्या मानेत तोंड घालून म्हणे, "चल बेटा, चल." ती त्याच्याकडे पाहे अन् थरथरे. मंग बुढा तेथंच मट्कन खाली बसला. म्हणे, "माह्याच्यानं होत नाही, हजरा."

मले माहीत होतं काय करा लागते. बुढ्यालेबी माहीत होतं, कलीमलेबी. पण कोनी बोलून नाही राह्यलं.

मी घरात गेली. पेटी उघडली, रजई उचलली अन् खलबत्ता काढला.

अंगणात येऊन मी बत्त्यानं खल वाजवला. टक. टक. टकाटक.

मखमलचे कान उभे झाले. इतक्या दिवसाचा आवाज. तिनं डावा पाय उचलला. मंग उजवा. मी एक पाऊल मागं गेली, वाजवत. ती एक पाऊल पुढं आली. रेतीवर लाल डाग पडला. मी पाह्यला, अन् वाजवत राह्यली. काय करू? थांबली असती तं ती तेथंच पडली असती. गल्लीत लोक आपापल्या दारात उभे होते. ज्याइचे बॅट-बॉल मी हिसकले, ती पोट्टीबी भिंतीले चिकटून उभी. मखमल मान ताठ करून नाचत निघाली, जशी नवरदेवाले घेऊन निघे तशी, पाठीवर कोनी नाही, अन् पुढं मी, उलट्या पावलानं, खलबत्ता वाजवत. माहे हात भरून आले. डोळ्याले काही दिसून नाही राह्यलं. भागीरथा आपल्या दारात पदर तोंडात कोंबून उभी होती. मी तिच्यापुढून गेली तेव्हा ती भिंतीले धरून खाली बसली.

वावर आलं. धुरा आला. खड्ड्याजवळ डॉक्टरीन बाई सुई भरून उभी होती, मारोतराव टोपी हातात घेऊन.

बुढा म्हणे, "बस हजरा. थांब."

मी थांबली.

अन् ठेका थांबला तशी मखमलनं मान खाली घातली. त्या पायानं, ज्यातून हाड बाहेर आलं होतं, त्या उजव्या पायानं सलाम कराले लागली. पाय मोडला नाही पुरता. ती पुन्हा प्रयत्न करे. आपलं काम पुरं केल्याशिवाय तिले चैन कुठची! मी बुढ्याकडे पाह्यलं. त्याचा हात छातीवर गेलता, ओठ हालत होते, पण आवाज फुटत नव्हता. अन् ती तशीच वाकलेली, जवाबाची वाट पाहत.

मंग मीच खलबत्ता खाली ठेवला अन् छातीवर हात ठेवला.

"वालेकुम सलाम, बेटा," मी म्हणलं.